थोपटणं

भुवई नाकाजवळ जिथं सुरू होते, तिथं हाडाची एक कड बोटाला लागते. तर्जनी आणि मधलं बोट जुळवून त्या कडेवर हलकेच आपटा, सहा-सात वेळा. जोर किती? कलिंगड पिकलंय का ते बघायला आपण टिचकी मारतो, तेवढाही नको. तान्ह्या बाळाला झोपवताना पाठीवर जो हात पडतो, त्याच्यापेक्षा किंचित नेमका, एवढंच. मनाचा त्रास आठवत अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर थोपटायचं आणि तो हलका करायचा, अशी ही पद्धत. तिचं ‘टॅपिंग’ हे नाव आता मराठीतही रुळलंय आणि ते राहू द्यावं. पण शिकवताना ‘ठोका’ म्हटलं की माणसं स्वतःच्या कपाळावर खरोखर ठोकतात. ‘थोपटा’ म्हटलं की हात आपोआप योग्य वजनावर येतो. त्या शब्दात आधीच माया आहे आणि या पद्धतीला ती लागते.

वेगाचंही तसंच. सोलापूरच्या पूर्वभागात भिंतीपलीकडे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू असेल तर बोटं नकळत त्या खडखडाटाला जुळतात आणि घाई करू लागतात. मग सगळ्या बिंदूंची एक फेरी वीस सेकंदांत संपते आणि मन होतं तिथंच राहतं. एका सावकाश श्वासात सहा-सात थाप, हा वेग बरोबर. मोजत बसायचं कारण नाही. पाच झाले, नऊ झाले, काही बिघडत नाही.

ही पद्धत फार जुनी नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलहन यांनी १९८० च्या दशकात तिची सुरुवात केली. पाण्याच्या भीतीनं ग्रासलेल्या एका स्त्रीवर ते उपचार करत होते. पाण्याचा विचार आला की पोटात कसंतरी होतं, असं ती म्हणायची. ॲक्युपंक्चर या सुया टोचण्याच्या उपचारात पोटाची ऊर्जावाहिनी डोळ्याखालून सुरू होते असं मानतात, म्हणून त्यांनी तिला तिथं थोपटायला सांगितलं आणि तिची भीती ओसरली, असं त्यांनी नोंदवलं. पुढं त्यांनी प्रत्येक त्रासासाठी बिंदूंचा वेगळा क्रम बसवला. त्यांचेच विद्यार्थी गॅरी क्रेग हे स्टॅनफर्डमध्ये शिकलेले अभियंता. १९९० च्या दशकात त्यांनी ही सगळी गुंतागुंत काढून टाकली आणि सगळ्या त्रासांना एकच क्रम ठेवला. इमोशनल फ्रीडम टेक्निक्स, म्हणजे ई.एफ.टी., ती हीच. आज जगभर जे टॅपिंग शिकवतात ते बहुतेक या साध्या क्रमाचंच रूप आहे.

बिंदू मात्र चीनमधल्या सुईवाल्या वैद्यकातले. इथं सोलापूरकराला एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते शल्यचिकित्सक, आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिकडंच वारले. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू परतले आणि पुढं चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून १९५९ पासून भारतात ते करू लागले. टॅपिंगचा आणि कोटणीसांचा थेट संबंध काही नाही, आणि तो जोडूही नये. पण त्यांचा जन्मदिवस १० ऑक्टोबर आणि जागतिक मानसिक आरोग्य दिनही १० ऑक्टोबर, ही गोष्ट त्यांच्या गावात तरी लक्षात ठेवावी असं मला वाटतं.

आता बिंदू. सुरुवात हाताच्या कडेपासून, करंगळीच्या खालचा मांसल भाग. हा वॉर्म-अपचा बिंदू. त्रास सांगणारं वाक्य म्हणायचं ते इथं; ते कसं शोधायचं ते पुढं येईल. मग भुवईची सुरुवात. मग डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यालगतचं हाड. इथं बरेचजण मागं सरकून कानशिलावर जातात, तसं नको. हाड डोळ्याला अगदी चिकटून आहे. मग डोळ्याखाली, बुबुळाच्या सरळ रेषेत, हाडाच्या कडेवर. मग नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली खळी, मग खालचा ओठ आणि हनुवटी यांच्यामधली खाच. त्यानंतर छातीकडं यायचं. गळ्याच्या खालच्या खळग्यापासून इंचभर खाली आणि इंचभर बाजूला, आडव्या हाडाच्या खालच्या बाजूला. हा एकच बिंदू असा की जागा अचूक सापडत नसेल तर चार बोटांनी किंवा मोकळ्या मुठीनं थोपटलं तरी चालतं. मग काखेच्या खाली चार बोटांवर, बरगड्यांवर. शेवटी टाळू. डावी-उजवी कुठलीही बाजू घ्या, मधेच बदलली तरी हरकत नाही. चष्मा काढून ठेवायचा. नखं वाढलेली असतील तर बोटांच्या पेरांनी थोपटायचं. मोतीबिंदूचं किंवा डोळ्याचं दुसरं कुठलंही ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डोळ्याभोवतीचे बिंदू सरळ सोडून द्यायचे; त्यानं काही अडत नाही.

हे सगळं पाच मिनिटांत शिकून होतं. खरं काम त्यानंतरचं आहे आणि बहुतेकांचं तिथंच फसतं.

थोपटण्याआधी त्रासाला आकडा द्यायचा असतो, शून्य ते दहा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही इतकं. वर्तनोपचारात मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्प यांनी रूढ केलेल्या मोजपट्टीचं हे सोपं रूप आहे. लोकांना हा आकडा पोरखेळ वाटतो आणि ते तो टाळतात. मग दोन फेऱ्यांनंतर सात पाचवर आलेला कळतच नाही. त्रास पूर्ण गेलेला नसतो म्हणून ‘काही उपयोग नाही’ असं ठरवून माणूस उठतो. आकडा कागदावर लिहावा. जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागं लिहिला तरी चालेल.

आणि आकडा ‘टेन्शन’ला देता येत नाही. टेन्शन हे पोतं आहे, त्यात काय काय भरलंय ते बाहेर काढावं लागतं. समजा घरी विड्या वळणारी एक बाई आहे. दिवसभर सूप मांडीवर घेऊन तिनं हजार विड्या वळल्या, संध्याकाळी नेऊन दिल्या आणि तपासणाऱ्यानं त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या. ती घरी येऊन म्हणते, ‘मला फार टेन्शन येतंय.’ यावर थोपटून काही हलणार नाही. विचारायचं, नेमकं केव्हा आलं? विड्या बाजूला पडल्या तेव्हा, की त्यानं सगळ्या बायकांसमोर ‘लक्ष कुठं असतं तुझं?’ म्हटलं तेव्हा? शरीरात कुठं कळतंय? गळ्यात. कसं? बोर अडकल्यासारखं. किती? आठ. आता थोपटण्यासारखं काहीतरी हाताशी आलं: ‘सगळ्यांसमोर बोलला, गळ्यात अडकलंय.’ हेच वाक्य, याच शब्दांत.

कुठल्या शब्दांत, हा प्रश्न सोलापुरात जास्तच महत्त्वाचा आहे. इथं एकाच माणसाच्या घरात तेलुगू असते, कामावर मराठी, सासर अक्कलकोटच्या बाजूचं म्हणून तिकडं कन्नड, शेजारी दखनी. टॅपिंग शिकताना मात्र वाक्यं येतात पुस्तकी मराठीत, ‘मला अस्वस्थतेची भावना जाणवत आहे’ अशी. कुणाच्याही गळ्यात ‘अस्वस्थतेची भावना’ अडकत नाही. ज्या भाषेत आपण एकटे असताना पुटपुटतो, ज्या भाषेत राग आला की पहिला शब्द तोंडातून निघतो, त्याच भाषेत बोलायचं. शिवी येत असेल तर शिवी. शब्द जागेवर बसला की शरीर लगेच सांगतं: डोळे भरतात, श्वास मोठा येतो, नाहीतर आकडा एकदम वर चढतो. यातलं काही झालं नाही तर शब्द अजून सापडलेला नाही.

हाताच्या कडेवर थोपटत हे वाक्य तीनदा म्हणायचं. मूळ पद्धतीत त्याला शेपूट आहे: ‘तरीही मी स्वतःला पूर्णपणे आणि मनापासून स्वीकारते.’ आपल्याकडच्या पुष्कळ माणसांना हे तोंडातून काढताच येत नाही. काढलं तरी आतून कुणीतरी ‘खोटं’ म्हणतं, आणि तो आतला आवाज पुढची सगळी फेरी बिघडवतो. तेव्हा विश्वास बसेल असंच शेपूट लावावं. ‘तरी मी आत्ता माझ्या घरात बसलेय.’ ‘तरी मी दिवसभर राबलेय, हे खरंय.’ ‘तरी मी माझ्या बाजूनं आहे.’ एवढंही जड वाटलं तर ‘हे असं आहे’ म्हणून थांबावं. स्वीकार याहून मोठा नसतोच.

मग भुवईपासून टाळूपर्यंत एक फेरी, प्रत्येक बिंदूवर वाक्याचा एक तुकडा: ‘सगळ्यांसमोर बोलला’, ‘गळ्यात अडकलंय’, ‘हजार विड्या वळल्या की मी’. मुद्दाम चांगलं बोलायला जायचं नाही. ‘मी शांत होत आहे’ हे इथलं सगळ्यात मोठं फसवं वळण. आठवर असलेल्या माणसानं शांत असल्याचं बोलणं म्हणजे रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवणं. आकडा तीनच्या खाली आला की बरे शब्द आपसूक येतात, ते येऊ द्यावेत. फेरी संपली की एक मोठा श्वास, दोन घोट पाणी, पुन्हा आकडा.

जांभया येतात, ढेकर येतात, नाक वाहतं, अंग जड होतं. यात चिंता करण्यासारखं काही नाही. आकडा चढला तर लोक घाबरून थांबतात, पण तो बहुधा जुन्या भावनेचा नसतोच. वरचा राग निवळला आणि खालची लाज वर आली, किंवा आजच्या बोलण्यातून शाळेतल्या बाईंचं बोलणं आठवलं. अशा वेळी नव्या गोष्टीला नवं नाव, नवा आकडा, आणि पुन्हा हाताच्या कडेपासून सुरुवात. चार-पाच फेऱ्यांनंतरही आकडा ढिम्म असेल तर बहुतेकदा तीनच कारणं असतात. वाक्य मोघम आहे, थोपटणारा मनात दुसऱ्याच गोष्टीवर आहे, किंवा हा त्रास सोडायला आतून भीती वाटतेय. राग गेला तर तो माणूस सुटला असं होईल, या भावनेनं राग धरून ठेवलेला असतो. मग थोपटायचं ते या वाक्यावर: ‘राग सोडला तर तो जिंकला असं वाटतंय.’

सवयींचं गणित जरा वेगळं आहे. तंबाखू-चुना, मिसरी, मावा. यातल्या एकावर तरी आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गल्लीत बोलता येईल. इथं पहिल्यांदाच सांगायला हवं की निकोटीनची शरीराला लागलेली ओढ थोपटून जात नाही. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड असतात, चिडचिड आणि झोपमोड पुढं काही आठवडे टिकू शकते. पण तल्लफ ही लाट असते. काही मिनिटं ती चढते आणि न घेताही उतरते. टॅपिंग कामाला येतं ते त्या मिनिटांत, कारण तेव्हा हाताला दुसरं काम मिळतं आणि मनाला आपण काय करतोय ते दिसतं.

पद्धत अशी. पुडी समोर ठेवा, लपवू नका. उघडा, वास घ्या. तल्लफ किती? नऊ. तोंडात कुठं जाणवते? डाव्या गालात, जिथं रोज बार ठेवतो तिथं. ‘डाव्या गालाला हवीय’ एवढ्यावर दोन फेऱ्या. आकडा उतरला की पुन्हा वास घ्या आणि पुन्हा थोपटा. दोन-तीनवर आला की पुडी बंद करून लांब ठेवा. हा सराव तल्लफ नसताना, सुट्टीच्या दिवशी आधी दोन-चारदा करून ठेवला तर ऐन वेळी हात आठवण ठेवतो. तल्लफ आल्यावर पहिल्यांदाच कागद काढून बिंदू शोधत बसलात तर पुडीच जिंकते. एकदा सोडून बरेच दिवस झालेल्या माणसानं मात्र पुडीचा वास घेऊन परीक्षा बघू नये. त्यानं आठवणीवरच थोपटावं.

तल्लफेच्या खाली दुसरं काहीतरी असतंच, आणि तिथं पोचल्याशिवाय सवय परत येते. रात्रपाळीला लूमवर उभ्या असलेल्या माणसासाठी तंबाखू ही झोपेवरची काठी असते. मिसरी लावणारी आजी सांगेल, त्याशिवाय पोट साफ होत नाही. आपण खोदून विचारलं तर कळतं, पहाटेची ती दहा मिनिटं दिवसातली एकटीची, कुणी हाक न मारण्याची वेळ असते. मिसरी काढून घेतली तर ती वेळही जाते. अशा वेळी ‘मला मिसरी हवीय’ यावर थोपटून काय होणार? ‘ही दहा मिनिटं गेली तर मला माझं काहीच उरणार नाही’ हे खरं वाक्य. आणि थोपटून झाल्यावर ती दहा मिनिटं त्यांना खरोखर द्यायची; चहाचा कप घेऊन ओट्यावर बसू द्यायचं, सुनेनं हाक मारायची नाही. हे घरातल्यांचं काम आहे, बिंदूंचं नाही. सोबतीला १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत फोनसेवा आहे, तिचा वापर जरूर करावा. दारूबद्दल मात्र वेगळी सूचना. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. तिथं डॉक्टर आधी.

हे सगळं का चालतं, यावर मोकळेपणानं बोललं पाहिजे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८३ जणांचे तीन गट केले होते. टॅपिंगच्या एका तासानंतर कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी सरासरी २४ टक्के उतरली, बाकीच्या गटांत ती घट सुमारे १४ टक्के होती. प्रमुख संशोधक डॉसन चर्च हे स्वतः टॅपिंगचे पुरस्कर्ते, हेही लक्षात ठेवावं. दुसरीकडे २००३ साली वेट आणि होल्डर या कॅनडातल्या संशोधकांनी भीतीवर प्रयोग केला. काहींना खऱ्या बिंदूंवर, काहींना हातावरच्या खोट्या बिंदूंवर आणि काहींना चक्क बाहुलीवर थोपटायला लावलं. तिन्ही गटांची भीती सारखीच कमी झाली. काहीच न केलेल्या गटाची झाली नाही. म्हणजे ऊर्जावाहिन्यांचं स्पष्टीकरण डळमळीत आहे. माझं मत सरळ आहे: त्रासाकडं न पळता बघणं, त्याला अचूक नाव देणं, आणि त्याच वेळी शरीराला सौम्य, लयीचा स्पर्श देणं, या तिन्हींत बहुतेक सगळं आलं. म्हणूनच वाहिन्यांची चित्रं पाठ करून घेणाऱ्या, महागड्या वर्गांपेक्षा वाक्य शोधायला शिकवणारा माणूस मिळाला तर त्याच्याकडं जावं. ‘मधुमेह जातो’, ‘कॅन्सर जातो’ म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरावं.

थोपटायचं नाही अशाही वेळा आहेत. सोलापूरच्या मे महिन्यात पारा पुष्कळदा चाळिशीच्या वर असतो. दुपारी उन्हातून येऊन छाती धडधडतेय, घाबरल्यासारखं होतंय, डोकं गरगरतंय, ते मनाचं असेलच असं नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असू शकतं. आधी सावली, पाणी, मीठ-साखर, ओला कपडा. अंग तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय तर थेट दवाखाना. छातीत दाबल्यासारखं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, तर बिंदू शोधत बसू नये. लहानपणचा अत्याचार, अपघातात डोळ्यांसमोर गेलेलं माणूस, असल्या आठवणींत एकट्यानं शिरू नये. तज्ज्ञ शेजारी हवा. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगावं, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तिथं कुठल्याही वेळी माणूस बोलतो, मराठीतही. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं जाण्यात लाज कसली?

आणखी एक गोष्ट मला तळमळीनं सांगावीशी वाटते. मजुरी थकली म्हणून येणारा राग, नळाला काही दिवसांआड पाणी म्हणून होणारी चिडचिड, या भावना चुकीच्या नाहीत, त्या थोपटून झोपवायच्या नाहीत. राग नऊवरून चारवर आणायचा तो जाब नीट विचारता यावा म्हणून. चारवरचा माणूस हिशेब मुद्देसूद मांडतो, अर्ज लिहितो, आवाज न चढवता उभा राहतो. शून्यावर आणून गप्प बसवणारं टॅपिंग कामगाराच्या काही कामाचं नाही.

जागेची अडचण असतेच. वन-रूम किचनमध्ये सहा माणसं, थोपटायला बसलं की पोरं हसतात. अशा वेळी चेहऱ्याचे बिंदू सोडून द्यावेत. एस.टी.त, पाळीवर, सासूसमोर, कुठंही गळ्याखालच्या हाडाजवळ तळहात ठेवून हळूच चोळता येतं. हाताच्या कडा मांडीवर एकमेकींवर आपटता येतात; कुणाचं लक्ष जात नाही. वाक्य मनातल्या मनात. लहान मुलांना दहाचा आकडा कळत नाही, त्यांना दोन हात पसरून ‘एवढं मोठं?’ असं विचारावं. त्यांच्या अंगावर थोपटायचं असेल तर विचारून, आणि टेडीच्या अंगावर थोपटलं तरी पुष्कळदा भागतं. परीक्षेच्या आदल्या रात्री दहावीच्या मुलाला मात्र नवीन काही शिकवू नका. आठवडाभर आधीपासून झोपताना एक-एक फेरी केलेली असेल तर त्या रात्री त्याचा हात आपोआप गळ्याखाली जातो.

आणि रात्रपाळीवाल्यांसाठी. सकाळी घरी आल्यावर कानात लूम चालूच असते, अंग थकलेलं आणि डोळे मिटत नाहीत. तेव्हा आडवं होऊन फक्त तीन बिंदू: डोळ्याखाली, गळ्याखाली, हाताची कड. आकडा नको, वाक्यही नको. प्रत्येक ठिकाणी एका श्वासाइतकं थोपटायचं आणि दर खेपेला वेग थोडा उतरवायचा. मधेच हात थांबला तर तो पुन्हा उचलायचा नाही.